कनेक्टरची बॉडी बॉक्सला जोडायची म्हणजे नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटर चालवणारा एक कंट्रोलर, दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा बॉक्स, त्याला आतून-बाहेरून पावडर कोटिंग. बॉक्सवर आरएस ४८५ या डेटाच्या लाइनसाठी नऊ पिनांचा डी-सब (इंग्रजी डीच्या आकाराचा) कनेक्टर, मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या एन्कोडरसाठी एम १२ हा गोल कनेक्टर आणि पॉवर केबलसाठी ग्लँड, म्हणजे केबल आत घेऊन घट्ट धरणारा नट. सिग्नलच्या दोन्ही केबल शिल्डेड, म्हणजे वायरींभोवती धातूचं आवरण (शिल्ड) असलेल्या. रेडिएटेड एमिशनच्या, म्हणजे उपकरणातून हवेत किती रेडिओ लहरी बाहेर पडतात त्याच्या, टेस्टमध्ये १४४ मेगाहर्ट्झचा पीक मर्यादेच्या ९ डेसिबल वर गेला, १६८ चा ५ डेसिबल वर. बोर्डवर २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. डी-सब बोर्डवरच सोल्डर केलेला आहे, पॅनेलच्या भोकातून फक्त बाहेर डोकावतो, आणि त्याची बॉडी ८ सेंटिमीटरच्या हिरव्या-पिवळ्या वायरने बॉक्सच्या अर्थ स्टडला जोडली आहे. मल्टिमीटर लावला तर बीप वाजतो. मग शिल्डिंग का होत नाही, आणि पत्रा तीन मिलिमीटरचा करावा का?

पत्र्याला हात लावू नका, आहे तोच पुरून उरतोय. १४४ मेगाहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये करंट पृष्ठभागाच्या सातेक मायक्रॉनच्या थरात वाहतो, त्याखाली झपाट्याने विरत जातो. तुमचा पत्रा १५०० मायक्रॉनचा, म्हणजे त्या थराच्या दोनशे पटींहून जाड. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा जरी चारी बाजूंनी नीट बंद डबा करता आला, तरी या फ्रिक्वेन्सीला तो बऱ्यापैकी शिल्डिंग देईल. या भागात बॉक्स पत्र्यातून गळत नाही. तो गळतो जोडांतून, फटींतून, आणि सगळ्यात जास्त केबल जिथे आत शिरते तिथून. तुमच्या बॉक्समधली ती जागा वर्णनातच दिसते: ती आठ सेंटिमीटरची वायर.

आधी बीपबद्दल बोलू, कारण त्या बीपने भल्याभल्यांचे आठवडे वाया घालवलेले मी पाहिले आहेत. मल्टिमीटर डीसी करंट सोडून रेझिस्टन्स मोजतो, आणि बीप तर बरेच मीटर तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही आलं की देतात. विमानं आणि संरक्षण सामग्रीच्या कामात अशा जोडाला २.५ मिलिओहमची मर्यादा वर्षानुवर्षं वापरात आहे. म्हणजे ज्या आकड्याला तुमचा मीटर ‘जोडलेलं आहे’ म्हणतो, तो या मर्यादेच्या दहा हजार पटींहून मोठा असू शकतो. बरं, तुमच्या जोडाचा डीसी रेझिस्टन्स खरोखरच दोन-अडीच मिलिओहम निघाला असं धरू. तरीही प्रश्न सुटत नाही, कारण १४४ मेगाहर्ट्झला रेझिस्टन्स नाही, वायरचा इंडक्टन्स बोलतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढेल तसा करंटला जास्त अडवणारा तिचा गुण.

अंदाजासाठी एक मिलिमीटर वायर म्हणजे एक नॅनोहेन्री धरा. ८० मिलिमीटर म्हणजे ८० नॅनोहेन्री. ५० हर्ट्झला या इंडक्टन्सचा अडथळा साधारण २५ मायक्रोओहमचा, म्हणजे नसल्यासारखाच. १४४ मेगाहर्ट्झला तीच वायर ७२ ओहमची होते. कनेक्टरची बॉडी आणि बॉक्स यांच्यामध्ये ७२ ओहमचा रेझिस्टर सोल्डर करून ‘बॉडी बॉक्सला जोडली’ असं आपण म्हणणार नाही. पण या फ्रिक्वेन्सीला प्रत्यक्षात तेच झालंय. हिरवी-पिवळी वायर माणसाच्या जिवासाठी आहे. फॉल्ट झाला तर बॉक्सला हात लावणाऱ्याला करंट बसू नये, फ्यूज उडावा, हे तिचं काम. ते ती चोख करते, म्हणून पॉवरचा सेफ्टी अर्थ कधीच काढायचा नाही. फक्त तिच्याकडून शिल्डिंगची अपेक्षा ठेवायची नाही.

आता आत काय घडतंय ते बघा. तुमच्या बोर्डचा ग्राउंड आणि बॉक्स यांच्यात २४ मेगाहर्ट्झच्या पटीतलं थोडं व्होल्टेज असतंच. सहावी पट १४४, सातवी १६८. डी-सबची बॉडी बोर्डवर सोल्डर असल्यामुळे ती बोर्डच्या ग्राउंडबरोबर हलते, बॉक्सबरोबर नाही. त्या बॉडीला केबलची शिल्ड जोडलेली. म्हणजे बोर्डवरचा नॉइज थेट शिल्डवर चढतो आणि दीड-दोन मीटरची ती शिल्ड अँटेना म्हणून काम करते. त्यासाठी करंट किती लागतो? एक मीटर केबलवर ५० मेगाहर्ट्झला फक्त पाच मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट (सगळ्या केबलवरून एकाच दिशेने वाहणारा) असला, तरी तीन मीटरवरच्या क्लास बी (घरगुती वापराच्या उपकरणांच्या) मर्यादेला, म्हणजे ४० डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटरला, तो जाऊन भिडतो. पाच मायक्रोअँपिअर! शिल्ड असूनही टेस्ट फेल झाली असं तुम्हाला वाटतंय. खरं म्हणजे तुमच्या बॉक्समध्ये शिल्डनेच तो नॉइज बाहेर वाहून नेला.

उलट दिशेनेही हेच. बाहेरून वॉकी-टॉकीचं किंवा स्टॅटिक डिस्चार्जचं जे काही शिल्डवर येतं, ते बॉक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पसरून बाहेरच राहायला हवं. तुमच्याकडे ते कनेक्टरच्या बॉडीतून बोर्डवर, बोर्डवरून हिरव्या-पिवळ्या वायरने स्टडला, असा सगळा आत फेरफटका मारून जातं. इम्युनिटीच्या, म्हणजे बाहेरचा नॉइज उपकरण किती सहन करतं त्याच्या, टेस्ट अजून झाल्या नसतील, तर स्टॅटिक डिस्चार्जच्या वेळी कम्युनिकेशन तुटेल, ही शक्यता धरून ठेवा.

गच्चीच्या स्लॅबमधून पाइप वर काढलेला असतो, तिथे पावसाळ्यात गळतं. गवंडी तिथे काय करतो? पाइपाला एका तारेने स्लॅबशी बांधत नाही. पाइपाच्या सगळ्या घेराला, एक बोट जागा न सोडता, माल भरून बंद करतो. कनेक्टरचं बाँडिंग म्हणजे हेच. जोड वायरीचा नको, घेराचा हवा: कनेक्टरच्या फ्लँजचा, म्हणजे पॅनेलला टेकणाऱ्या चपट्या कडेचा, संपूर्ण परीघ, धातूला धातू, दाबून. केबलच्या शिल्डपासून हूड (केबलच्या टोकावरचं कनेक्टरचं कव्हर), हुडापासून कनेक्टरची बॉडी, बॉडीपासून पॅनेल, या तिन्ही ठिकाणी पूर्ण ३६० अंशांत. यातला एक जरी टप्पा वायरीने जोडला, तरी बाकीच्या दोन ठिकाणी खर्च केलेले पैसे पाण्यात.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. एका ग्राहकाच्या बॉक्सचा प्रोटोटाइप टेस्टमध्ये आरामात पास झाला होता. सहा महिन्यांनी प्रॉडक्शनचा पहिला लॉट आला, त्यातला एक बॉक्स पुन्हा लॅबमध्ये नेला, आणि तोच बोर्ड, त्याच केबल असताना तो सणसणीत फेल झाला. दिवसभर आम्ही बोर्डवर फेराइट (नॉइज शोषणारे चुंबकीय तुकडे) लावत बसलो. संध्याकाळी कव्हर उघडून बघताना लक्षात आलं की प्रोटोटाइपचा पत्रा नुसता होता, त्यावर रंग नव्हता. ड्रॉइंगवर रंगाची शेड लिहिली होती, पण कुठे रंग नको हे मी लिहिलं नव्हतं. पावडर कोटिंगवाल्याने त्याचं काम व्यवस्थित केलं होतं. कनेक्टरच्या चारही भोकांभोवती एकसारखा, सुंदर थर. चूक माझ्या ड्रॉइंगची होती.

मग चेंबरच्या, म्हणजे टेस्टच्या शिल्डेड खोलीच्या, बाहेर जमिनीवर बसून एकेक कनेक्टर सोडवला, कटरच्या पात्याने आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने फ्लँजखालची जागा घासली. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर राखाडी भुकटी जमत होती. पावडर कोटिंग जिद्दी असतं, नखाएवढी जागा मोकळी करायलाही वेळ लागतो. पहिला कनेक्टर बसवून टेस्ट घेतली, तर पीक जेमतेम दोन डेसिबल उतरलेला. बरोबरचा मुलगा म्हणाला, ‘सर, हे कारण नाहीये.’ मलाही क्षणभर तसंच वाटलं. तरी उरलेले तीनही घासले, आणि चौथा घट्ट केल्यावर पीक मर्यादेच्या खाली गेला.

ही गोष्ट सांगायचं कारण रंग नाही, ते दोन डेसिबल आहेत. चार जागांहून गळत असेल, तर एक बुजवून फारसा फरक दिसत नाही, आणि माणूस बरोबर उपाय चुकीचा समजून काढून टाकतो. दुसरा उपाय करतो, तोही एकटाच करतो, तोही काढून टाकतो. असं करत बसलं की दिवस संपतो आणि चेंबरचं भाडं वाढत जातं. पद्धत उलटी हवी. आधी सुचतील ते सगळे उपाय एकाच वेळी लावा, पीक खाली आणा, मग एकेक काढत जा. जो काढल्यावर पीक वर येतो, तो खरा.

‘पावडर कोटिंग राहू द्या, स्टार वॉशर टाकतो’ हे फॅब्रिकेटरकडे हमखास ऐकायला मिळतं. स्टार वॉशरचे दात रंग फोडून धातूपर्यंत जातात, हे खरं. पण ते जातात काही टोकांवर. डीसी रेझिस्टन्स छान येतो, सेफ्टी अर्थसाठी ते उत्तमच. पण फ्लँजच्या परिघाचा प्रश्न तसाच राहतो. नऊ पिनांच्या डी-सबच्या दोन स्क्रूंमध्ये २५ मिलिमीटर अंतर असतं, २५ पिनांच्यात ४७. संपर्क फक्त स्क्रूंपाशी असेल, तर फ्लँज आणि पॅनेल यांच्यामध्ये वर एक आणि खाली एक अशा तेवढ्या लांबीच्या दोन खाचा उरतात. खाच किती अरुंद आहे याला फारसं महत्त्व नसतं, लांबी महत्त्वाची. कागदाएवढी फटसुद्धा लांब असेल तर अँटेनाच. १ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी १५ सेंटिमीटर. त्यामुळे २५ मिलिमीटरची खाच साधारण १५-१६ डेसिबल शिल्डिंग देते आणि ४७ मिलिमीटरची जेमतेम १०. दीड मिलिमीटरच्या पत्र्याच्या बॉक्सला दहा डेसिबल ही लाज आहे.

हा हिशोब तुमच्या बॉक्सला लावताना मात्र जपून. १४४ मेगाहर्ट्झला तीच २५ मिलिमीटरची खाच तीसेक डेसिबल देते, म्हणजे तुमचा आजचा दोषी खाच नाही. ढोबळ मानाने काहीशे मेगाहर्ट्झच्या खाली वायरीचा, पिगटेलचा (शिल्ड पिळून केलेल्या शेपटीचा) इंडक्टन्स मारतो, आणि गिगाहर्ट्झच्या आसपास खाचा मारतात. बॉक्समध्ये उद्या वाय-फाय किंवा वेगवान प्रोसेसर येणार असेल, तर दुसऱ्या गोष्टीचीही तयारी आत्ताच करा. परीघभर संपर्क केला की दोन्ही एकदमच मिटतात.

आता पृष्ठभाग. इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक बाँडिंग इथेच बिघडतं. पावडर कोटिंग ६० ते १०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा थर, तो दिसतो तरी. ॲनोडायझिंग दिसत नाही. तो रंग नाही, ॲल्युमिनियमचाच ऑक्साइड आहे, धातूसारखा चमकतो आणि पक्का इन्सुलेटर असतो. प्रोब टोचला तर कधी कधी टोक थर फोडून आत जातं, बीप येतो, आणि फसगत होते. नुसतं घासलेलं ॲल्युमिनियमही फार काळ टिकत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो. स्क्रूच्या दाबाखाली तो तुटतो म्हणून सुरुवातीला सगळं ठीक चालतं, पण दमट हवेत वर्षभराने तसं राहील याची खात्री नाही. लॅबमध्ये रात्री घासून पास होणं ठीक, प्रॉडक्शनमध्ये ते चालणार नाही.

प्रॉडक्शनसाठी कनेक्टरखालची जागा क्रोमेट कन्व्हर्जन कोटिंगची ठेवा, म्हणजे रसायनाने ॲल्युमिनियमवर तयार केलेला, करंट जाऊ देणारा पातळ थर. प्लेटिंगवाल्याला सांगताना नुसतं ‘क्रोमेट’ सांगू नका. या कोटिंगच्या अमेरिकन लष्करी स्पेसिफिकेशनमध्ये, मिल-डीटीएल-५५४१ मध्ये, क्लास १ए आणि क्लास ३ असे दोन वर्ग आहेत. १ए जाड, गंजापासून जास्त संरक्षण देणारा. क्लास ३ पातळ, विद्युत संपर्क कमी रेझिस्टन्सचा राहावा म्हणून. आपल्याला क्लास ३ हवा. आरओएचएस (घातक पदार्थांवरचा युरोपचा नियम) पाळायचं असेल तर हेक्झाव्हॅलंट क्रोमशिवायचा टाइप २ सांगा. बजेट असेल तर कथिलाचं किंवा इलेक्ट्रोलेस निकेलचं प्लेटिंग याहून भरवशाचं.

क्रम असा: आधी पूर्ण बॉक्स क्रोमेट, मग कनेक्टरच्या जागा मास्क करून पावडर कोटिंग. मास्किंग फ्लँजच्या मापापेक्षा चारी बाजूंनी एक-दोन मिलिमीटर मोठं. अगदी मापात घेतलं, तर रंगाची कड फ्लँजखाली येते, फ्लँज त्या कडेवर टेकतो आणि मधली सगळी जागा अधांतरी राहते. ड्रॉइंगवर ही जागा हॅच करून ‘येथे रंग नाही, क्रोमेट क्लास ३’ असं ठळक लिहा, आणि इन्कमिंग इन्स्पेक्शनच्या यादीतही तो मुद्दा घाला. फॅब्रिकेटर बदलतो, कोटिंगवाला बदलतो, ड्रॉइंग राहतं.

आणखी एक सवय मोडायला हवी: पाणी जाऊ नये म्हणून फ्लँजखाली आरटीव्ही सिलिकॉन फासून मग स्क्रू आवळणे. बाहेरून स्वच्छ दिसतं, आत कनेक्टर रबरावर तरंगतो. कनेक्टरबरोबर पुडीत येणारं काळं रबरी गॅस्केटही असंच. पाणी आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही अडवायचं असेल, तर कंडक्टिव्ह इलास्टोमरचं गॅस्केट घ्या, म्हणजे धातूचे कण भरलेलं सिलिकॉन. किंवा आधी धातूला धातू टेकवून आवळा आणि सिलिकॉन नंतर बाहेरच्या कडेने फिरवा. गॅस्केट किती दाबायचं ते त्याच्या डेटाशीटमध्ये असतं. जास्त आवळलं तर ते कायमचं चपटं होतं, आणि पातळ पत्रा दोन स्क्रूंच्या मध्ये फुगून तिथेच फट पडते.

तुमच्या डी-सबकडे येतो. तो बोर्डवर आहे आणि पॅनेलच्या भोकातून डोकावतो; बॉडी आणि भोकाची कड यात अर्धा मिलिमीटर फट असणार, कारण बोर्ड बसवताना तेवढी सूट लागतेच. सगळ्यात चांगलं म्हणजे कनेक्टर पॅनेलवर बसवायचा आणि बोर्डपर्यंत आतून छोटी केबल न्यायची. बोर्ड बदलणं शक्य नसेल, तर कनेक्टरची फ्लँज पॅनेलच्या आतल्या बाजूला टेकेल असं बोर्ड पुढे आणा, आणि बाहेरून षटकोनी जॅकस्क्रूने पॅनेल आणि फ्लँज एकत्र आवळा. मधल्या फटीसाठी डी-सबच्या आकारात कापलेलं, स्प्रिंगसारख्या बोटांचं पातळ पत्र्याचं गॅस्केट मिळतं, ते टाका. ते परीघभर टेकतं आणि बोर्डची थोडी इकडे-तिकडे जागा सांभाळून घेतं. पॅनेलची आतली बाजू मोकळ्या धातूची हवी, हे वेगळं सांगायला नको. हे झालं की ती हिरवी-पिवळी वायर तिथून काढली तरी चालेल. बॉक्सचा स्वतःचा पॉवर अर्थ मात्र जागेवर राहील.

एम १२ ला वर्तुळाकार नट असल्यामुळे लोकांना वाटतं ३६० अंश आपोआपच झाले. बॉडीचा पॅनेलला संपर्क कुठे होतो ते बघा: नट रंगावर टेकत असेल आणि पुढच्या बाजूला ओ-रिंग असेल, तर संपर्क फक्त भोकाच्या कडेला, तोही नशिबाने. नटाच्या बाजूची जागा मोकळी ठेवा. आणि पॅनेलवरचा एम १२ आतून प्लास्टिकच्या बॉडीचाही मिळतो, बाहेरून नुसती निकेलची चमक. खरेदी करताना शिल्डेड प्रकारच मागा. आरजे ४५ आणि यूएसबीच्या कनेक्टरला बाजूने छोट्या पाकळ्या असतात. त्या पॅनेलच्या भोकाच्या कडेला दाबून टेकाव्यात म्हणूनच दिलेल्या असतात. भोक दोन मिलिमीटर मोठं कापलं की त्या पाकळ्या हवेत.

केबलच्या टोकाचं काय? तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे की डी-सबचं हूड प्लास्टिकचं असेल आणि शिल्डची जाळी पिळून तिची शेपटी बॉडीला सोल्डर केली असेल. तीच ती पिगटेल. ती पाच सेंटिमीटरची असली तर ५० नॅनोहेन्री, १४४ मेगाहर्ट्झला ४५ ओहम. पॅनेलच्या बाजूने कितीही सुंदर काम केलं तरी हे ४५ ओहम राहतातच. धातूचं हूड घ्या. केबलचं बाहेरचं आवरण सोला, जाळी मागे उलटून आवरणावर सारखी पसरवा आणि हुडाच्या क्लँपने तिला सगळ्या बाजूंनी दाबा. कनेक्टरच्या बाहेरच्या कवचावर छोटे उंचवटे असलेला नर डी-सब घ्या. ते उंचवटे समोरच्या कवचाला ठिकठिकाणी टेकतात. नुसत्या फॉइलची केबल असेल तर अडचण आहे. फॉइलला क्लँप धरत नाही, आणि ड्रेन वायर (फॉइलला लागून जाणारी उघडी वायर) म्हणजे पुन्हा पिगटेलच. या कामाला फॉइलवर जाळी असलेली केबल घ्या, थोडे पैसे जास्त जातील.

इथे हमखास कोणीतरी म्हणतो, ‘शिल्ड एकाच टोकाला जोडायची असते, नाहीतर ग्राउंड लूप होतो.’ ऑडिओच्या आणि संथ ॲनालॉग सिग्नलच्या कामात, ५० हर्ट्झचा गुणगुणाट टाळायला तो नियम आला, आणि तिथे तो बरोबर आहे. पण दीड मीटरची केबल १४४ मेगाहर्ट्झला जवळजवळ पाऊण तरंगलांबीची असते; एक टोक मोकळं सोडलं तर ते टोक अँटेना म्हणून काम करतं. आरएस ४८५, एन्कोडर, इथरनेट, मोटरची केबल, या सगळ्यांना दोन्ही टोकांना, परीघभर. दोन बॉक्सांच्या अर्थमध्ये खरोखरच मोठा फरक असेल आणि शिल्डमधून ५० हर्ट्झचा करंट वाहायला लागला, तर दोन्ही बॉक्सांमध्ये वेगळा जाड बाँडिंग कंडक्टर टाका. शिल्ड तोडू नका.

शिल्डच्या जोडाचं महत्त्व पटवायला वर्गात अमेरिकन युद्धनौका फॉरेस्टलचं उदाहरण देतात. २९ जुलै १९६७ ला या विमानवाहू नौकेवर एका विमानातून रॉकेट आपोआप सुटलं आणि आगीत १३४ जण गेले. नासाच्या १९९५ च्या एका अहवालात कारण म्हणून रडार आणि विमानातल्या शिल्डचा बिघडलेला जोड दिला आहे. पण नौदलाच्या चौकशीचा निष्कर्ष वेगळा होता: विमानाची वीज बाहेरच्या पुरवठ्यावरून आतल्यावर घेताना आलेला सर्ज, आणि सुरक्षेच्या पायऱ्या वगळल्या जाणं. म्हणून मी हे उदाहरण शिल्डिंगचा पुरावा म्हणून वापरत नाही, आणि तुम्हीही रिपोर्टमध्ये वापरू नये असं माझं मत आहे.

मोजायचं कसं? बीप विसरा आणि चार वायरींचा मिलिओहममीटर घ्या. एक जोडी प्रोब कनेक्टरच्या बॉडीवर, दुसरी पॅनेलच्या मोकळ्या धातूवर, फ्लँजच्या अगदी जवळ. २.५ मिलिओहमच्या खाली आलं तर पृष्ठभाग आणि दाब ठीक आहेत एवढं कळतं. संपर्क परीघभर आहे की एकाच स्क्रूवर, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कनेक्टर सोडवून फ्लँजवरचे ठसे बघा. चकाकी सगळीकडे सारखी उमटली असेल तर संपर्क झाला होता, फक्त स्क्रूंपाशी असेल तर नाही. हे पाहायला पैसे लागत नाहीत, आणि मला ते सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय. फ्रिक्वेन्सीवरचं खरं उत्तर मात्र आरएफ करंट क्लँप देतो. केबल बॉक्सबाहेर आल्याबरोबर तिच्याभोवती क्लँप लावा, स्पेक्ट्रम ॲनालायझरवर १४४ चा करंट बघा. पाच मायक्रोअँपिअरचा आकडा लक्षात आहेच. हे टेबलावर होतं, त्याला चेंबर लागत नाही. चाकण-भोसरीच्या कंपन्या पुण्यात एआरएआय किंवा मुंबईला समीर या संस्थांच्या टेस्ट लॅबकडे तारखा घेतात. त्या तारखेच्या आधी आपल्याच टेबलावर हा करंट खाली आणलेला असला, तर तिथला दिवस सुटसुटीत जातो.

कोकणात, बंदरावर किंवा समुद्राजवळच्या प्लांटमध्ये बॉक्स जाणार असेल तर एक गोष्ट जोडतो. वेगवेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक खाल्ला जातो, आणि आपल्या बॉक्समध्ये तो नेहमी ॲल्युमिनियम असतो. स्टेनलेसची फ्लँज ॲल्युमिनियमवर बसवून दोन पावसाळे गेले की फ्लँजच्या कडेने पांढरी भुकटी येते. ती भुकटी म्हणजे तुमच्या बाँडिंगच्या जागी तयार झालेला इन्सुलेटर. गॅस्केट निवडताना यासाठीच ॲल्युमिनियमला जवळचा फिलर बघा. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं भरलेलं गॅस्केट ॲल्युमिनियमवर खाऱ्या हवेत नको, निकेल-ग्रॅफाइट किंवा चांदीचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम त्याहून बरं. कथिलाचं प्लेटिंग दोन्हींच्या मध्ये चांगला समेट करतं. आणि जोडाच्या बाहेरची कड सील करा, म्हणजे ओलावा आत शिरणारच नाही.

राहिली पॉवरची केबल. ती शिल्डेड नाही असं धरतो. शिल्ड नसलेली एक वायरसुद्धा फिल्टरशिवाय आत गेली, तर ती आतला नॉइज उचलून बाहेर नेते, बाकी बॉक्स कितीही बंद असो. तिथे पॅनेलवर बसणारा, धातूच्या बॉडीचा फिल्टर घ्या. त्याच्या आतले कपॅसिटर त्याच्या बॉडीला जोडलेले असतात, म्हणून फिल्टरची बॉडीसुद्धा मोकळ्या धातूवर, परीघभर. फिल्टर रंगावर बसवून त्याला हिरवी-पिवळी वायर लावली की तुम्ही पुन्हा जिथून निघालात तिथेच. मोटरच्या बाजूला शिल्डेड केबल ग्लँडमधून नेत असाल तर ईएमसी ग्लँड घ्या. त्यात आत जाळीला टेकणारी स्प्रिंग असते, आणि चेकनटखालचा रंग काढावा लागतो.

तुमच्याकडचा बॉक्स आत्ता टेबलावर असेल तर असं करा. डी-सबची केबल जोडा, क्लँपने १४४ चा करंट लिहून ठेवा. मग डी-सबभोवतीचा पॅनेलवरचा रंग बोटभर रुंदीत घासा. हूड सोडून त्या जागी जाळी उघडी करा, आणि तांब्याची टेप, जिचा गोंदही कंडक्टिव्ह आहे अशीच, जाळीवरून कनेक्टरच्या बॉडीवर आणि बॉडीवरून घासलेल्या पॅनेलवर, चारी बाजूंनी, दाबून चिकटवा. साध्या गोंदाची टेप लावलीत तर काहीच कळणार नाही. एम १२ लाही तसंच करा, आणि पॉवर केबल बॉक्सला लागून असलेल्या फेराइटमध्ये तीन-चार वेढे देऊन ठेवा. तिन्ही केबलवर करंट पुन्हा मोजा. सिग्नलच्या केबलवर तो पडला आणि पॉवरवर तसाच राहिला, तर पुढचं काम फिल्टरचं आहे. तिन्हींवर पडला, तर टेप एकेक काढत जा आणि कुठली काढल्यावर आकडा उसळतो ते मला कळवा.